विजेची मोटार आणि एआयची जाहिरात

मोठ्या मोटार कंपन्यांकडे जाहिरातीसाठी कोट्यवधी रुपये असतात. पण स्वतःच्या हुनरावर विजेची मोटार तयार करणाऱ्या छोट्या कारखानदाराने आपला माल लोकांसमोर न्यावा कसा? कृत्रिम बुद्धिमत्तेने, म्हणजेच एआयने, हे काम बरेच स्वस्त केले आहे. मात्र हे साधन जपून वापरले पाहिजे.

पुण्याच्या वायवे मोबिलिटी या कंपनीची 'ईव्हा' मोटार घ्या. ग्रेटर नोएडाच्या २०२३ च्या ऑटो एक्स्पोत तिचा नमुना मांडला गेला. जानेवारी २०२५ मध्ये, बॅटरी भाड्याने घेतल्यास ३ लाख २५ हजारांपासून, अशी किंमत जाहीर झाली. छपरावर सौर पट्टी, आत तिघांपुरती जागा! ही कंपनी जाहिरात कशी करते, हा आमचा विषय नाही. पण अशी नवी चीज गिऱ्हाइकाला समजावणे हेच मोठे काम असते, आणि तेथे एआय उपयोगी पडते.

मोटारीची चारही बाजूंची खरी छायाचित्रे एआयला द्यावीत व फक्त मागचा देखावा बदलून घ्यावा. तीच मोटार भेंडी बाजारच्या गर्दीत, शाळेच्या फाटकाशी, भर पावसात दिसेल. एकच मजकूर मराठी, उर्दू, गुजराती आवाजात ऐकवता येईल. उलट, केवळ शब्दांत वर्णन करून चित्र मागितले तर दर वेळी दिवे आणि दरवाजे बदलतात. कारण एआय आपली मोटार ओळखत नाही. पूर्वीच्या असंख्य चित्रांवरून अंदाजाने नवे चित्र रंगवते. चित्रातील अक्षरेही पुष्कळदा बिघडतात, म्हणून नाव व किंमत स्वतः टाइप करून बसवावी.

आता धोका पाहू. अमेरिकेच्या निकोला कंपनीने २०१८ मध्ये आपला ट्रक रस्त्यावर धावतानाची फिल्म दाखवली. ट्रक स्वतःच्या ताकदीवर नव्हे, तर उतारावरून घरंगळत होता, हे २०२० मध्ये उघड झाले. गुंतवणूकदारांच्या फसवणुकीबद्दल संस्थापक ट्रेव्हर मिल्टन २०२२ मध्ये दोषी ठरले. २०२५ मध्ये राष्ट्राध्यक्षांनी त्यांना माफी दिली. कंपनीने मात्र त्याच वर्षी दिवाळखोरीचा अर्ज केला होता. तेव्हा खरा ट्रक व खरा उतार तरी लागला. आज एआयला तेवढेही लागत नाही!

आपल्याकडे २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला १० लाखांपर्यंत, पुन्हा केल्यास ५० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो.

आम्ही कापडवाले एक गोष्ट जाणतो. सौदा नमुन्याच्या तुकड्यावर ठरतो, पण पत टिकते ती तागा उलगडल्यावर. म्हणून चित्र एआयचे असेल तर तसे ठळक लिहावे. एका चार्जिंगमध्ये गाडी किती किलोमीटर जाते, तो आकडा चाचणीत आलेलाच द्यावा. तयार नसलेली मोटार तयार म्हणून दाखवू नये, आणि बुकिंगची रक्कम परत मिळण्याची अट आधीच सांगावी. भिवंडी-मालेगावचे कारागीर उद्या आपल्या मालाची अशीच चित्रे काढतील. त्यांनाही हाच हिशेब लागू आहे.