तलाव पोहतो व्हय?

नववीच्या वर्गात मी फळ्यावर तीन शब्दप्रयोग लिहिले होते : ‘स्विमिंग इज फन’, ‘अ स्विमिंग डक’ आणि ‘अ स्विमिंग पूल’. यात जेरंड कुठलं आणि पार्टिसिपल कुठलं? तिन्हीकडे शेवटी तेच ‘आयएनजी’. वर्ग गप्प. मग म्हटलं, मराठीत सांगा. पोरं भराभर बोलायला लागली. पोहण्यात मजा असते. पोहणारं बदक. तिसऱ्याला एक मुलगा म्हणाला, “पोहणारा तलाव.” पुढच्या बाकावरची मुलगी गर्रकन वळली, “तलाव पोहतो व्हय रं? पोहण्याचा तलाव हाय त्यो!”

जेरंड म्हणजे काय, ते तिनं सांगून टाकलं होतं. ‘पोहणं’ हे क्रियेचं नाव, ते जेरंड. ‘पोहणारं’ हे बदकाचं विशेषण, ते पार्टिसिपल. इंग्रजी दोन्ही कामं एकाच रूपावर भागवते, मराठी त्यासाठी वेगळी रूपं देते. म्हणून अडलं की मराठी करून बघायचं : ‘णं’ आलं तर जेरंड, ‘णारा’ किंवा ‘वाहतं पाणी’तला ‘त’ आला तर पार्टिसिपल. बहुतेक वेळा ताळा जमतो. पार्टिसिपल या शब्दाच्या लॅटिन मुळाचा अर्थच ‘वाटा घेणारा’. क्रियापदातही त्याचा वाटा, विशेषणातही. आपण त्याला धातुसाधित म्हणतो, म्हणजे त्याचं मूळ गाव सांगतो.

माण तालुक्यातल्या एका हायस्कुलात मी २२ वर्षं इंग्रजी शिकवते आहे. संज्ञांच्या व्याख्या घोकून घेण्यात आपण मुलांचा किती वेळ घालवतो, याचं मला मनापासून वाईट वाटतं. आधीच्या तासाला मराठीच्या बाईंनी जे शिकवलं, तेच इंग्रजीच्या तासाला दुसऱ्या नावानं येतं, हे त्यांना कुणी सांगतच नाही. एका वहीत अलंकार, दुसऱ्या वहीत फिगर्स ऑफ स्पीच, आणि दोन्ही वह्यांची एकमेकींशी ओळख नाही.

खरं तर अलंकारांच्या बाबतीत आमची पोरं चार पावलं पुढंच असतात. एका उन्हाळ्यात एका मुलीनं निबंधात लिहिलं होतं, ‘आमची विहीर आज्जीच्या डोळ्यांसारखी खोल गेलीय.’ विहीर हे उपमेय, आज्जीचे डोळे हे उपमान, खोल जाणं हा साधारण धर्म आणि ‘सारखी’ हा साम्यवाचक शब्द. सातवी-आठवीतलं पोरही हे चार तुकडे वेगळे करून दाखवतं. इंग्रजी समीक्षेत यांतल्या पहिल्या दोघांना टेनर आणि व्हेइकल म्हणतात. ही नावं आय. ए. रिचर्ड्स यांनी १९३६ साली ‘द फिलॉसॉफी ऑफ ऱ्हेटरिक’ या पुस्तकात मांडली. उपमेय-उपमान हे शब्द त्याच्या कितीतरी शतकं आधीपासून आपल्याकडं रुळलेले आहेत.

त्याच वाक्यातला ‘सारखी’ काढा : विहीर म्हणजे आज्जीचा खोल गेलेला डोळाच. झालं रूपक, म्हणजे मेटाफर. या ग्रीक शब्दाचा अर्थ ‘इकडून उचलून तिकडं नेणं’. आज्जीचा डोळा उचलून विहिरीत नेऊन ठेवला, असं म्हटलं की व्याख्या लिहून द्यावी लागत नाही. आता ‘जणू’ घाला : विहीर जणू आज्जीचा डोळा. ही उत्प्रेक्षा. इंग्रजीच्या शालेय पुस्तकात हिला स्वतंत्र घर नाही. तिथं ती सिमिलीतच मोडते. पेपरात सिमिली लिहा, पण ‘सारखी’ आणि ‘जणू’मध्ये केवढा फरक आहे ते विसरू नका, असं मी दर वर्षी बजावते.

व्याकरणातही नावंच वाट दाखवतात. ‘टेबल ऑन’ लिहिणारी मुलं दर वर्षी भेटतात. ती मराठीशी प्रामाणिक असतात, कारण आपला ‘वर’ टेबलाच्या मागून येऊन त्याला चिकटतो. म्हणून तो शब्दयोगी. प्रिपोझिशन म्हणजे ‘आधी ठेवलेलं’. एवढं सांगितलं की ‘ऑन’ आपोआप पुढं सरकतो.

यंदा आम्ही एकच वही केली आहे. डावीकडं मराठी, उजवीकडं इंग्रजी. आर्टिकलसमोर ‘उपपद’ लिहिलं, पण मराठीतलं उदाहरण काही सापडेना; ती जागा कोरी आहे. उत्प्रेक्षेसमोरची जागाही कोरीच होती. परवा वही तपासताना पाहिलं, तलाववाल्या मुलीनं तिथं पेन्सिलीनं ‘अ‍ॅज इफ’ लिहून ठेवलं होतं.