चोखोबांच्या घरातील प्रेम आणि संताप

‘चोखामेळा रडतो, भांडत नाही. मग आम्ही त्याला का वाचायचे?’ हा प्रश्न वर्गात दरवर्षी एखादा विद्यार्थी विचारतोच. आमच्या घरातला पहिला पदवीधर मी. विद्यार्थिदशेत माझाही हाच प्रश्न होता. उत्तर हवे असेल तर चोखोबांबरोबर त्यांची पत्नी सोयराबाई आणि मुलगा कर्ममेळा यांचेही अभंग वाचावे लागतात.

तिघांच्याही अभंगांचा मूळ आशय विठ्ठलावरील प्रेम हाच आहे. पण हे प्रेम देवळाबाहेर उभे राहून केलेले आहे. ज्याच्यावर जीव जडला त्याच्याच दारात मज्जाव, या विसंगतीतून संताप जन्मतो. परक्यावर माणूस असा चिडत नाही. ज्याला ‘तू’ म्हणता येते, त्यालाच जाब विचारता येतो. चोखोबा गाऱ्हाणे मांडतात, पण कधीकधी पूर्वकर्माला दोष देऊन थांबतात. सोयराबाई विटाळाचा प्रश्नच उलटवतात: देहाची उत्पत्तीच विटाळातून, तर सोवळा कोण? कर्ममेळा तर जन्मभर उष्ट्यावर जगवल्याबद्दल देवाची लाज काढतो. एकाच घरात, दोन पिढ्यांत, वेदना नकारापर्यंत पोहोचली.

आता रचना पाहू. मोठ्या अभंगाच्या कडव्यात सहा-सहा अक्षरांचे तीन चरण आणि चार अक्षरांचा चौथा चरण असतो. गाताना अक्षरे कमीजास्त होतात. यमक दुसऱ्या-तिसऱ्या चरणांचे जुळते. चौथा चरण आखूड आणि बिनयमकाचा. तीन चरण आळवणी चालते आणि चौथ्यात ती एकदम तुटते. गाऱ्हाण्याला धार येते ती इथे. शेवटी नाममुद्रा. सोयराबाई स्वतःला चोख्याची महारी म्हणवतात. जी जात देवळाबाहेर थांबवते, तीच कवितेत सही होऊन येते.

मर्यादाही सांगितली पाहिजे. हा संताप देवापाशीच दाद मागतो. पंढरपूरचे दार उघडावे म्हणून १९४७ सालीही साने गुरुजींना उपोषण करावे लागले. बाबासाहेबांनी १९४८ साली आपला ‘द अनटचेबल्स’ हा ग्रंथ नंदनार, रविदास आणि चोखामेळा यांच्या स्मृतीस अर्पण केला. आणि १९५६ साली धम्मदीक्षा घेऊन त्या दाराशी उभे राहणेच नाकारले. ऋण मान्य, पण वाट वेगळी, असाच याचा अर्थ घ्यावा लागेल.

म्हणून विद्यार्थ्याला मी सांगतो: चोखोबा रडतात हे खरे, पण ‘तू’ कोणाला म्हणतात ते पाहा. दलित कवितेने तो ‘तू’ टाकला नाही. त्या जागी देवाऐवजी समाजाला उभे केले.