सहेरीचा चहा, लोहाची सलाईन
रमजानमध्ये कित्येक बायका लोहाची गोळी सहेरीला चहाबरोबर गिळतात. आणि चहा लोह अंगी नीट लागू देत नाही. गोळी इफ्तारनंतर लिंबाच्या सरबताबरोबर घ्यावी. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या 15 ते 49 वयाच्या 57 टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला; हे दुखणे धर्म विचारत नाही. गोळ्या सोसत नसतील, हिमोग्लोबिन फार उतरले असेल, तर डॉक्टर सलाईनमधून लोह देतात. ते रक्त नव्हे, तपकिरी औषध. क्वचित रिअ‍ॅक्शन येते, म्हणून दवाखान्यातच घ्यायचे. गुण यायला काही आठवडे लागतात, तेव्हा ‘रोजा तुटेल’ म्हणत ईदपर्यंत कशाला थांबायचे? आजाऱ्याने सुटलेले रोजे नंतर भरून काढावेत, ही मुभा सूरह बकराच्या 185 व्या आयतीतच आहे.