आधी किंमत, मग लस

सेनेगलपासून इथिओपियापर्यंतच्या आफ्रिकी पट्ट्यात मेनिंजायटिस, म्हणजे मेंदूच्या आवरणाचा दाह, वारंवार थैमान घालत असे. १९९६-९७च्या साथीत सुमारे २५ हजार माणसे दगावली.

२००१ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि 'पाथ' ही संस्था नव्या लशीसाठी एकत्र आल्या. पैसा गेट्स फाउंडेशनचा. आफ्रिकी अधिकाऱ्यांनी स्पष्ट सांगितले : डोस ५० सेंटच्या आत हवा, नाहीतर लस असूनही आमच्या कामाची नाही. बड्या कंपन्यांना हा सौदा परवडेना. तेव्हा कामाची वाटणी झाली. जिवाणूच्या आवरणातील शर्करा प्रथिनाला जोडण्याचे तंत्र अमेरिकेच्या सरकारी प्रयोगशाळेतून आले; ते शिकून घेऊन लस बनवली पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने. आपल्याकडे 'आंतरराष्ट्रीय सहकार्य' म्हटले की सह्या आणि हारतुरेच डोळ्यांसमोर येतात. इथे गिऱ्हाइकाचा खिसा आधी पाहिला गेला.

डिसेंबर २०१० मध्ये बुर्किना फासोत १ ते २९ वर्षांच्या लोकांना लस टोचणे सुरू झाले. 'ए' प्रकारचा आजार जवळजवळ नाहीसा झाला. इतर प्रकार मात्र राहिले. २०१२ मध्ये ही लस ४० अंशांपर्यंतच्या उष्णतेत चार दिवस ठेवण्यास मान्यता मिळाली आणि बेनिनमध्ये ती बर्फाविना खेड्यांत पोहोचली.