मुरमाचा हा रस्ता कुणी केला?

मोबाइलवर फ्रान्सचा नकाशा उघडा. पॅरिस सापडलं? आता बोट आग्नेयेला सरकवा, दोनशे-सव्वादोनशे किलोमीटर. एक गडद हिरवा डाग लागेल. त्याचं नाव मोर्वाँ. आयफेल टॉवर आणि आल्प्सच्या रील्समध्ये हा भाग सहसा दिसत नाही. इथला सगळ्यात उंच डोंगर म्हणजे ओ-फोलाँ, उंची 901 मीटर. आपला सिंहगडही त्याच्यापेक्षा उंच आहे! पण हसू नका. इथे एक मोठा चढ नसतो, पन्नास छोटे असतात. चढलात की उतार, उतरलात की ओढा, ओढा ओलांडला की पुन्हा चढ. संध्याकाळपर्यंत पाय भरून येतात.

आणि म्हणूनच ग्रॅव्हल बाइकवाल्यांना हा भाग भारी आवडतो.

ग्रॅव्हल म्हणजे काय, हे फार समजावायला नको. गावी एसटी स्टँडपासून वस्तीपर्यंत जाणारा मुरमाचा रस्ता आठवा. धड डांबरी नाही आणि शेताचा बांधही नाही. तशा रस्त्यासाठीची ही सायकल. हँडल रोड बाइकसारखं खाली वळलेलं, टायर 40 मिलिमीटरच्या आसपास जाड, डिस्क ब्रेक आणि चढासाठी हलके गिअर. मोर्वाँ हा ग्रॅनाइटचा प्रदेश. ग्रॅनाइट झिजून जी भरड वाळू होते ती थेट आपल्या मुरमाची चुलत बहीण. पाऊस पडून गेला की पाणी झिरपून जातं आणि चाक रुतत नाही. फक्त टायरमध्ये हवा टम्म भरायची नाही, नाहीतर सायकल चेंडूसारखी उडते.

माझी मावसबहीण दिजाँला मास्टर्स करते. तिने सेकंडहँड ग्रॅव्हल बाइक घेतली आणि गेल्या ऑक्टोबरमध्ये तीन दिवसांची राइड ठरवली. उत्तरेला आव्हालों, मग कारे-ले-तोंब हे गाव (चर्चभोवती दगडी शवपेट्या मांडून ठेवलेलं, नावातच थडगी आहेत), पुढे सेतों तलाव, ओ-फोलाँ, बव्रे डोंगर आणि शेवटी ओतँ हे रोमनांच्या काळातलं शहर. वळणावळणाने सव्वाशे किलोमीटरच्या आसपास. रूट अॅपवरून डाउनलोड केलेला. ‘निळी रेघ धरून जायचं, त्यात काय,’ असं ती म्हणाली होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी निळी रेघ जंगलात शिरत होती आणि समोर जंगलच नव्हतं. अख्खा उतार बोडका. नुसते बुंधे, फांद्यांचे ढीग आणि मधून गुडघाभर खोल चाकोऱ्या. लाकूडतोडीच्या मशिनने रस्त्याचा चिखल करून ठेवलेला. तिने मला तिथूनच व्हिडिओ कॉल केला. मला वाटलं, वणवा लागलाय. ती म्हणाली, ‘नाही गं, कापणी झालीये. शेतात ऊस काढतात ना, तशी.’

ऊस हा शब्द मला तेव्हा गमतीचा वाटला. नंतर वाचत गेले तेव्हा कळलं की ताई अगदी बरोबर बोलली होती.

मोर्वाँचं लाकूड सोळाव्या शतकापासून पॅरिसच्या चुलींत जळत होतं. तेव्हा ट्रक नव्हते, धड रस्तेही नव्हते. म्हणून लाकूड पाण्यात सोडायचे. ओंडक्यांवर मालकाची खूण हातोडीने ठोकायची आणि ओढ्यात ढकलून द्यायचं. ओढ्यातून क्यूर आणि योन या नद्यांमध्ये. योनमधले ओंडके क्लामसीपाशी अडवून, खुणा बघून वेगळे करायचे, बांधून सत्तर-एक मीटर लांबीचे तराफे करायचे आणि त्यावर उभं राहून पॅरिस गाठायचं. परत येताना तराफा नाही, अर्थात. ही माणसं पायी परत यायची. क्लामसीच्या पुलावर आजही तराफेवाल्याचा पुतळा आहे. ताईने ज्याच्या काठावर सेल्फी काढला तो सेतों तलावसुद्धा याच धंद्यासाठी एकोणिसाव्या शतकात धरण बांधून केलेला. पाणी साठवायचं आणि ओंडके वाहून न्यायला सोडायचं.

पुढे पॅरिस कोळशावर गेलं. 1923 च्या सुमारास शेवटचे ओंडके वाहिले. लोक शहरांकडे गेले, शेतं ओस पडली. 1946 मध्ये सरकारने जंगल लागवडीसाठी एक निधी काढला आणि ओक-बीचच्या जागी भराभर वाढणारी सूचिपर्णी झाडं लावायला पैसे मिळू लागले. त्यातलं लाडकं झाड डग्लस फर. मूळचं उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याचं. ओक कापायला शंभराहून जास्त वर्षं थांबावं लागतं, डग्लस चाळीस-पन्नास वर्षांत तयार. मग एका फटक्यात सगळा उतार साफ, आणि पुन्हा रोपं. आता हे लाकूड बाहेर काढणार कसं? ट्रकने. ट्रकला काय लागतं? रुंद, दाबून बसवलेला, बेताच्या चढाचा खडीचा रस्ता.

म्हणजे ज्या रस्त्यावर तुम्ही ‘वाह, काय निसर्ग’ म्हणत सायकल मारता, तो बऱ्याचदा ओंडके न्यायला काढलेला असतो. ताई वैतागली ती ट्रकवाल्यांवर. पण तिच्या सायकलसाठी रस्ता त्यांच्यामुळेच तर होता. हे तिला सांगितलं तर पाच सेकंद गप्प बसली, मग म्हणाली, ‘फोन ठेव, मला सायकल उचलून न्यायचीये.’

मोर्वाँत या कापणीवरून बरीच वर्षं वाद चालू आहे. काही लोकांनी तर 2003 मध्ये एकत्र येऊन, वर्गणीसारखे शेअर काढून, ओक-बीचची जंगलं विकत घ्यायला सुरुवात केली. कारण साधं आहे. फ्रान्सचं सुमारे तीन चतुर्थांश जंगल खासगी मालकीचं आहे. झाड वाचवायचं तर आधी मालक व्हायचं! दुसरीकडे लाकडावर पोट असलेली माणसंही याच गावांत राहतात, हे विसरून चालत नाही. मला स्वतःला तो बोडका उतार बघवला नाही, पण माझं मत पुण्यात बसून दिलेलं आहे.

खासगी जंगलाचा आणखी एक फटका थेट तुम्हाला बसू शकतो. फेब्रुवारी 2023 च्या कायद्याने, ‘खासगी’ अशी स्पष्ट खूण असलेल्या जंगलात परवानगीशिवाय शिरलं तर 135 युरो दंड. बारा हजारांच्या पुढे गेले की राव! गंमत म्हणजे हा कायदा जंगलातली कुंपणं कमी व्हावीत म्हणून आणला होता. अॅपला ही पाटी दिसत नाही. म्हणून नकाशा वाचायला शिका. फ्रान्सच्या सरकारी नकाशा संस्थेचे 1:25,000 चे नकाशे ऑनलाइन बघता येतात. सलग बारीक रेघ म्हणजे गाडी जाईल असा कच्चा रस्ता, तुटक रेघ म्हणजे पायवाट. झाडांवर त्रिकोण आणि दोन गोळे दिसले, तर ती माउंटन बाइकची खूण. तिथे ग्रॅव्हल बाइक जाईलच असं नाही. याच आव्हालोंमधून भूमध्य समुद्रापर्यंत जवळपास 1,400 किलोमीटरचा माउंटन बाइक मार्ग निघतो. उत्साहात त्यावर ग्रॅव्हल बाइक घालू नका, निदान पहिल्याच वेळी नको.

ऑक्टोबरही निवडू नका. रंग सुंदर असतात, फोटो मस्त येतात, पण तो शिकारीचा हंगाम. 2018 च्या ऑक्टोबरमध्ये आल्प्सच्या भागात माउंटन बाइकवरचा एक ब्रिटिश माणूस शिकाऱ्याच्या गोळीने गेला. ‘शिकार चालू आहे’ अशी पाटी दिसली की वळायचं. ताईने भडक नारिंगी जॅकेट घातलं होतं, तरी मावशी तीन दिवस झोपली नाही. मे-जून बरा.

बाकी तयारी विद्यार्थ्यांच्या खिशाला झेपेल अशी आहे. पॅरिसच्या बेर्सी स्टेशनहून आव्हालोंला लोकल गाडी जाते, तीत सायकल नेता येते, पण जागा मोजक्या. गावातली बेकरी सोमवारी बंद असू शकते आणि दुपारी दुकानं चक्क झोपतात. शनिवारीच चीज-ब्रेड भरून घ्या. पाणी संपलं तर? दफनभूमी शोधा. फुलांना घालायला तिथे नळ असतो आणि फ्रेंच सायकलवाले बिनधास्त तिथेच बाटल्या भरतात. फक्त ‘पिण्यायोग्य नाही’ अशी पाटी नाही ना, ते बघा.

ताईने तो बोडका उतार सायकल खांद्यावर घेऊन पार केला. पाऊण तास लागला. संध्याकाळी बव्रे डोंगरावर, गॉल लोकांच्या बिब्राक्त या जुन्या राजधानीपाशी पोहोचली. इथेच इसवीसनपूर्व 52 मध्ये सीझरविरुद्ध लढायला व्हर्सिंजेटोरिक्सला सगळ्यांचा सेनापती नेमलं होतं. तिने फोटो पाठवला तो मात्र राजधानीचा नाही, एका बीचच्या झाडाचा. खोड पिळवटलेलं, आडवं वाढलेलं. कधीकाळी हे शेताचं कुंपण होतं; फांद्या वाकवून विणलेल्या. शेत गेलं, शेतकरी गेला, कुंपणाची झाडं झाली. मी विचारलं, हे कुणी कापलं नाही? ती म्हणाली, ‘इतकं वाकडं लाकूड कोण घेणार!’

जूनमध्ये ती पुन्हा जाणार आहे. या वेळी कागदी नकाशा घेऊन. मला विचारलंय, येतेस का. माझ्याकडे सध्या पासपोर्ट नाही, सायकल आहे.