दगडाची भाजणी

नरकचतुर्दशीच्या पहाटे गिझर लावला की पाणी तापतं, पण वीज पाण्यात उतरत नाही. याचं मोठं श्रेय एका पांढऱ्या पुडीला जातं. गिझरमधल्या वेटोळ्या नळीच्या मधोमध नायक्रोमची तार असते. ती तार आणि बाहेरची धातूची नळी यांच्यामध्ये मॅग्नेशियम ऑक्साइड ठासून भरलेलं असतं. उष्णता सोडायची आणि वीज अडवायची, ही दोन्ही कामं एकदम जमणारे पदार्थ मोजकेच. त्यांतला हा परवडणारा.

ही पूड तयार होताना आपण शाळेत पाहिलेली असते. मॅग्नेशियमची फीत चिमट्यात धरून पेटवली की डोळे दिपवणारा उजेड पडतो (‘सरळ बघू नका रे’ असं बाई ओरडत असतात) आणि खाली पांढरी राख उरते. २४ ग्रॅम धातू पुरता जळाला की राख भरते ४० ग्रॅम. वाढलेले १६ ग्रॅम हवेतल्या ऑक्सिजनचे. थोडा धातू नायट्रोजनशीही संधान बांधतो, म्हणून राखेवर पाणी टाकलं तर अमोनियाचा पुसट वास येतो. प्रयोग देखणा आहे, पण पुडीसाठी धातू जाळणं हा आतबट्ट्याचा व्यवहार. जगात आज बराचसा मॅग्नेशियम धातू मुळात ऑक्साइडपासूनच काढतात: भाजलेला डोलोमाइट (कॅल्शियम-मॅग्नेशियम कार्बोनेटचा दगड) आणि फेरोसिलिकॉन निर्वात नळ्यांत तापवून.

कारखान्यातली पूड येते ती दगडातून. तमिळनाडूत सेलमजवळच्या पांढुरक्या टेकड्यांना इंग्रजांनी ‘चॉक हिल्स’ म्हटलं. खडू तिथे औषधालाही नाही. आहे तो मॅग्नेसाइट, म्हणजे मॅग्नेशियम कार्बोनेट, गडद खडकाच्या भेगांतून शिरांसारखा पसरलेला. मॅग्नेशियमने संपन्न अशा खडकात कार्बन डायऑक्साइड विरघळलेलं पाणी मुरत राहिलं, त्यातून या शिरा बनल्या. भट्टी हे सगळं उलटं फिरवते: वायू निघून जातो, ऑक्साइड मागे राहतं. १०० किलो शुद्ध मॅग्नेसाइटमधून हाती येते जेमतेम ४८ किलो पूड. वजनातली अशीच घट स्कॉटलंडच्या जोसेफ ब्लॅकने ‘मॅग्नेशिया अल्बा’ (मॅग्नेशियमचं कार्बोनेटच) तापवून तराजूवर पकडली आणि १७५६ साली प्रसिद्ध केली. दगडात वायू कोंडलेला असू शकतो, हे रसायनशास्त्राला पटलं ते त्याच्या प्रयोगांमुळे.

पुढचं सगळं आचेवर. चकलीची भाजणी कच्ची राहिली काय आणि करपली काय, जिन्नस तेच असूनही पदार्थ वेगळा होतो, इथेही तसंच. साधारण ७०० ते १००० अंश सेल्सियसला भाजलेली पूड सच्छिद्र आणि चळवळी असते. ती आम्लाशी चटकन भिडते, म्हणून पित्तशामक औषधांत, गुरांच्या खाद्यात, खतांत जाते. १५०० अंशांच्या वर नेली की कण एकमेकांत घट्ट बसतात आणि पदार्थ निबर होतो. पाण्यालाही दाद देत नाही. विटा होतात त्या याच्या. आणि विद्युत भट्टीत २८०० अंशांच्या पलीकडे नेऊन चक्क वितळवलं, थंड केलं, दळलं की मिळते गिझरच्या नळीतली पूड.

त्या विटांवर पोलादाचा धंदा उभा आहे. लोखंडातला फॉस्फरस काढायला भट्टीत चुना घालावा लागतो, आणि तापलेला चुना सिलिकाच्या विटा खाऊन टाकतो. १८७०च्या दशकाच्या अखेरीस सिडनी गिलख्रिस्ट थॉमसने अल्कधर्मी अस्तराची युक्ती यशस्वी केली. आधी डोलोमाइट वापरला गेला, मग ऑस्ट्रियातल्या फाइट्शच्या मॅग्नेसाइटला भाव आला. आज या दगडात चीनचा ल्याओनिंग प्रांत सगळ्यांवर भारी आहे. पुडीला पांढरं सोनं वगैरे म्हणण्याची गरज नाही, पण ती नसेल तर पोलादाच्या भट्ट्या थंड पडतील हे नक्की.

ज्यांच्याकडे दगड कमी, ते समुद्राकडे वळले. इंग्लंडमधल्या हार्टलपूलला आणि आयर्लंडमधल्या द्रोहेडाला समुद्राच्या पाण्यात भाजलेला डोलोमाइट किंवा चुना कालवून मॅग्नेशियम हायड्रॉक्साइडचा साका खाली बसवत. तो गाळून भाजला की ऑक्साइड तयार. किलोभर समुद्राच्या पाण्यात मॅग्नेशियम असतं सव्वा ग्रॅमच्या आसपास. म्हणजे एक टन ऑक्साइडसाठी साडेचारशे टनांहून जास्त पाणी उपसायचं! मीठ काढून झाल्यावर मिठागरात उरणारं कडू पाणी यापेक्षा कितीतरी दाट असतं. भावनगरच्या केंद्रीय मीठ व सागरी रसायन संशोधन संस्थेने त्यावर काम केलं आहे ते त्यामुळेच.

या धंद्याची अडचण कार्बनची आहे. मॅग्नेसाइटमधून एक टन पूड काढताना इंधनाचा धूर सोडून नुसत्या दगडातूनच सुमारे १.०९ टन कार्बन डायऑक्साइड सुटतो. समुद्राच्या पाण्यात चुना घातला तरी हिशेब तोच राहतो, कारण तो चुनाही चुनखडी भाजूनच केलेला असतो. मृत समुद्राकाठी मॅग्नेशियम क्लोराइडचं दाट द्रावण थेट तापलेल्या भट्टीत फवारतात. त्यातून ऑक्साइड आणि हायड्रोक्लोरिक आम्ल मिळतं. या रीतीत दगडातला कार्बन नाही. खर्च होतं ते इंधन.