विहारयात्रा आणि धम्मयात्रा : परदेशी सहलीपूर्वीचा पाठ

आमच्या शाळेच्या माजी विद्यार्थ्यांपैकी अनेकांनी अलीकडे एक सूचना आग्रहाने मांडली आहे. वसतिगृहातील मुलांची शैक्षणिक सहल आता परदेशी, विशेषतः श्रीलंकेस न्यावी, खर्चाचा भार आम्ही उचलू, असे ते म्हणतात. सूचना स्वागतार्ह आहे. महेंद्र आणि संघमित्रा यांनी ज्या भूमीत धम्म नेला, जेथील कँडी येथे १९५० साली भरलेल्या जागतिक बौद्ध परिषदेस बाबासाहेब स्वतः उपस्थित होते, ती भूमी आमच्या मुलांनी अवश्य पाहावी. मात्र प्राचीन अवशेष आणि मूलनिवासींची संस्कृती पाहायची म्हणजे नेमके काय करायचे, हे आधी स्पष्ट झाले पाहिजे. त्याचा पहिला पाठ आपल्याच वसई तालुक्यात दगडावर कोरलेला सापडला आहे.

इ. स. १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांना सोपारा येथे सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा एक खंड मिळाला. या लेखाचा विषयच प्रवास आहे. पूर्वीचे राजे विहारयात्रेस, म्हणजे शिकार व करमणुकीसाठी, निघत असत. अशोक मात्र अभिषेकाला दहा वर्षे झाल्यावर संबोधिस्थानी गेला आणि तेव्हापासून धम्मयात्रा सुरू झाल्या. या यात्रांत काय करावे, तेही लेखात सांगितले आहे : श्रमण-ब्राह्मणांची व वृद्धांची भेट घ्यावी, दान द्यावे, जनपदातील लोकांना भेटावे, त्यांच्याशी धम्माविषयी बोलावे. पवित्र स्थळ आणि खेड्यातला माणूस या दोहोंना सम्राटाने एकाच यात्रेत स्थान दिले. सहलीची याहून नेमकी व्याख्या आम्हांला ठाऊक नाही.

प्रथम अवशेषांचा विचार करू. नालासोपारा पश्चिमेस ‘बुरूड राजाचे कोट’ म्हणून ओळखले जाणारे विटांचे टेकाड हा प्राचीन शूर्पारक नगरीचा स्तूप होय. महावंसातील कथेनुसार विजय लंकेत पोहोचण्यापूर्वी याच सुप्पारक बंदरी उतरला होता. म्हणजे लंकेची वाट आपल्या दारावरून जाते. १८८२ साली भगवानलालांनी हा स्तूप उत्खनित केला, तेव्हा आत दगडी पेटी होती. तिच्यातील तांब्याच्या करंडकात चांदीचा, त्यात दगडाचा, त्यात स्फटिकाचा आणि सर्वांत आत सोन्याचा करंडक निघाला. सोन्याच्या त्या करंडकात काय जपले होते? मातीच्या भांड्याचे तुकडे; तथागतांच्या भिक्षापात्राचे मानले गेलेले.

याच पेटीत सातवाहन राजा यज्ञश्री सातकर्णीचे चांदीचे नाणे आणि कांस्याच्या आठ बुद्धमूर्तीही होत्या. नाणे दुसऱ्या शतकाच्या सुमाराचे, तर मूर्ती आठव्या-नवव्या शतकाच्या सुमाराच्या. एकाच पेटीत सुमारे सहाशे वर्षांचे अंतर कसे आले, हा प्रश्न ज्या विद्यार्थ्याला पडेल, तोच इतिहास शिकू लागला असे समजावे. ज्यांनी हा स्तूप बांधला, त्यांच्यानंतरच्या पिढ्यांनीही तो उघडला, पुन्हा मिटवला, जपला, असे ही पेटी सांगते. हा ठेवा आज मुंबईच्या एशियाटिक सोसायटीत आहे. म्हणून केवळ टेकाड पाहून परतणे पुरेसे नाही. स्थळ आणि वस्तू यांची सांगड मुलांनी स्वतः घालावी लागते.

आता माणसांकडे वळू. पालघर जिल्ह्यातील वारली चित्रकला गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांच्यामुळे जगभर पोहोचली. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. परंतु पिशव्यांवर आणि भिंतींवर छापलेली ती चित्रे म्हणजे वारली जीवन नव्हे. लग्नाच्या वेळी गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहिला जातो, त्यात पालघट देवी असते, आणि तो विधी धवलेरी, म्हणजे एक स्त्री, गाऊन पार पाडते. याच लग्नाच्या कर्जापायी कित्येक तरुण जोडप्यांना सावकाराकडे ‘लग्नगडी’ म्हणून राबावे लागे. १९४५ मध्ये गोदावरी परुळेकर यांच्या साथीने वारल्यांनी ही लग्नगडी पद्धत व वेठबिगार मोडून काढण्यासाठी लढा दिला. चित्र पाहणाऱ्याने हा लढाही वाचावा.

येथे अशोकाचा आणखी एक दगड आठवतो. नवव्या शिलालेखाचा खंड १९५६ साली भुईगाव येथे मिळाला. त्याच वर्षी नागपुरात धम्मदीक्षा झाली, हे आम्हांला विसरता येत नाही. आजारपण, लग्न, प्रवास अशा प्रसंगी केल्या जाणाऱ्या मंगलविधींपेक्षा दास व सेवकांशी नीट वागणे हेच खरे मंगल, असे तो लेख सांगतो. लग्नगडीच्या भूमीत याहून समर्पक वचन कोणते?

श्रीलंकेत दंबाना परिसरात राहणारे वेद्दा हे त्या बेटाचे मूलनिवासी. १९८३ मध्ये मदुरु ओया राष्ट्रीय उद्यान झाले आणि त्यांच्या परंपरागत जंगलावर बंधने आली. आमच्या वसतिगृहात जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवरून आलेली मुले आहेत. वेद्दांकडे ती नवलाची वस्तू म्हणून पाहणार नाहीत. जंगल कोणाचे, हा प्रश्न त्यांच्या घरचाच आहे. आपल्या समाजाकडेही इतरांनी दीर्घकाळ केवळ नोंदीचा विषय म्हणून पाहिले. ती नजर आपण दुसऱ्यांवर रोखू नये, एवढी शिस्त सहलीपूर्वी अंगी बाणली पाहिजे.

म्हणून आमची माजी विद्यार्थ्यांना व पालकांना विनंती आहे. श्रीलंकेच्या सहलीचा संकल्प कायम ठेवावा. परंतु तिच्या खर्चातील पहिला वाटा सोपारा, मुंबईतील संग्रह आणि डहाणू-तलासरीचे पाडे यांसाठी राखावा. प्रत्येक मुलाने एक वस्तू मोजून तिचे चित्र काढावे, एका वृद्ध व्यक्तीशी बोलून तिचे म्हणणे तिच्याच शब्दांत लिहावे, आणि ते लिखाण तिला परत वाचून दाखवावे. ज्या मुलांना हे जमेल, त्यांना अनुराधपूर दाखवायला मार्गदर्शकाची फारशी गरज पडणार नाही.